मांजरीची कोरडी, खाजरी त्वचा आणि घरगुती उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजरीच्या खाजेबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू आहे. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे तिच्या कातडीला जे लावाल ते थोड्या वेळात तिच्या पोटात जातं. कुठलाही उपाय करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे तिने चाटलं तर चालेल का?

१. माझ्या मांजरीची त्वचा नुसती कोरडी आहे की दुसरं काही, हे घरी कसं ओळखायचं?

तिला भरपूर उजेडात घ्या आणि केस उलट्या दिशेने सारून कातडी बघा. शेपटीचं मूळ, दोन्ही खांद्यांच्या मधली जागा, पोट, मांड्यांची आतली बाजू, हनुवटी आणि कानांच्या मागे, एवढ्या जागा सोडू नका. नुसता कोरडेपणा असेल तर बारीक, पांढरा, सुटा कोंडा दिसतो, केस निस्तेज असतात पण विरळ नसतात, आणि खालची कातडी फिकट व अखंड असते. खाज असली तरी थोडी असते.

लाली, खपल्या, बोटांना लागणारं बारीक खरखरीत पुरळ, पिवळट तेलकट कोंडा, वास, टक्कल किंवा ओल यांपैकी काहीही दिसलं तर तो नुसता कोरडेपणा नाही. तेव्हा ओलावा देणारे उपाय करत बसण्यात वेळ जातो आणि खरं कारण वाढत राहतं. सर्वांत आधी प्रश्न ३ मधली तपासणी करा.

२. ती खाजवताना कधी दिसत नाही, पण पोटावरचे केस गेलेत. हीसुद्धा खाजच का?

बहुतेक वेळा हो. मांजर पंजाने खाजवण्यापेक्षा चाटून खाज भागवते, तीही कोपऱ्यात किंवा तुम्ही झोपल्यावर. केस गेलेल्या जागेवरून उलटा हात फिरवा. खुंट टोचल्यासारखे लागले तर केस मुळातून गळलेले नाहीत, जिभेने तुटलेले आहेत. उलटीत किंवा शीमध्ये केस जास्त येत असतील तर शंका पक्की होते.

‘ताणामुळे चाटते’ असं पटकन म्हटलं जातं. ताणामुळे चाटणाऱ्या मांजरी असतात, पण आधी पिसवा, किडे आणि ॲलर्जी बाद झाल्याशिवाय तो निष्कर्ष काढू नका. एक अपवाद लक्षात ठेवा: फक्त ओटीपोट चाटत असेल आणि लिटर बॉक्सकडे वारंवार फेऱ्या होत असतील, तर दुखणं मूत्राशयाचं असू शकतं. बोका जोर करतोय पण लघवी होत नाही, अशी स्थिती असेल तर एक तासही थांबू नका.

३. आमची मांजर घराबाहेर जात नाही आणि पिसवा दिसतही नाहीत. तरी सगळे पिसवांचीच शंका का घेतात?

कारण खाजेचं ते सर्वांत नेहमीचं कारण आहे आणि मांजर स्वतःच्या अंगावरच्या पिसवा चाटून गिळून टाकते. ज्या मांजरीला पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते तिला एकदोन चाव्यांनीही कित्येक दिवस खाज सुटते. म्हणजे अंगावर एकही पिसू न सापडता खाज पिसवांचीच असू शकते. घराबाहेर न जाणाऱ्या मांजरीपर्यंत त्या माणसांच्या कपड्यांवरून किंवा दुसऱ्या प्राण्यांबरोबर येतात.

तपासणी अशी करा. बारीक दातांची फणी घ्या. कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि मानेवर कातडीला टेकवून ती पाच मिनिटं फिरवा. फणीत आलेले केस आणि काळे कण पांढऱ्या ओल्या कागदावर झटका. मिनिटाभरात कणांभोवती तांबूस डाग पसरले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त आहे. साधी माती असेल तर रंग सुटत नाही. काहीच सापडलं नाही तरी पिसवा नाहीत असं ठरत नाही, म्हणूनच पशुवैद्य बऱ्याचदा आधी पिसवांचे उपचार करून बघतात.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा छोटासा हिस्सा. अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, फटींत, अंथरुणात असतात, आणि कोष महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी औषध, सलग किमान ३ महिने, तिची अंथरुणं आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुणं आणि एक दिवसाआड व्हॅक्यूम, असं सगळं एकत्र करावं लागतं. पहिल्या महिन्यात ‘औषध लागू पडलं नाही’ असं वाटून ते बंद करणं ही सर्वांत नेहमीची चूक. त्या वेळी दिसणाऱ्या पिसवा कोषांतून नव्याने बाहेर पडलेल्या असतात.

४. कोंडा फक्त कमरेवर आणि शेपटीच्या वर आहे, बाकी अंग स्वच्छ. असं का?

तिथे तिची जीभ पोहोचत नाही. वजन वाढलेल्या किंवा सांधे दुखणाऱ्या मांजरीला मागे वळता येत नाही. मग मृत कातडी आणि गळलेले केस तिथेच साठतात. हे काम तुम्ही करा: छोट्या केसांच्या मांजरीला आठवड्यातून दोनतीनदा, लांब केसांच्या मांजरीला रोज, मऊ ब्रशने केसांच्या दिशेने तीन ते पाच मिनिटं. नंतर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड फिरवा.

गुंता झाला असेल तर कात्री लावू नका. मांजरीची कातडी पातळ असते आणि गुंत्याबरोबर वर ओढली जाते, त्यामुळे ती कापली जाते. तरुण, सडपातळ मांजरीने अंग चाटणं सोडलं असेल तर ते आजारपणाचं लक्षण आहे. पिसवांच्या ॲलर्जीचीही हीच आवडती जागा आहे, म्हणून प्रश्न ३ ची तपासणी इथेही कराच.

५. कोंडा हलतोय असं वाटतं. भास आहे का?

भास नसेलही. शेलेटिएला नावाचे किडे कातडीवर राहतात आणि खपल्या हलवत फिरतात, म्हणून याला ‘चालता कोंडा’ म्हणतात. मांजरीला काळ्या कागदावर उभं करून पाठ ब्रशने विंचरा आणि कागदावर पडलेला कोंडा भिंगातून दोन मिनिटं बघा. किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. पारदर्शक चिकटपट्टी कोंड्यावर दाबून ती पशुवैद्याकडे नेली तरी चालते. हे किडे माणसालाही चावतात. हातांवर, पोटावर खाजरे लाल ठिपके उठले असतील तर ते जरूर सांगा. यावर घरगुती उपाय नाही, औषध लागतं.

६. थंडीत किंवा एसी-हीटर सुरू असताना कोंडा वाढतो. काय करावं?

हवा कोरडी झाली की कातडीतलं पाणी उडून जातं. स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा आणि खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखा. ह्युमिडिफायर ती जिथे झोपते त्या खोलीत ठेवा, पण झोत थेट तिच्यावर नको. पाणी रोज बदला. त्यात सुगंधी तेलाचा एक थेंबही घालू नका (कारण प्रश्न १३ मध्ये). हीटरला चिकटून झोपायची सवय असेल तर तिचं अंथरूण हातभर लांब सरकवा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, आणि ॲलर्जीच्या मांजरीची खाज उलट वाढते.

७. ती पाणी फारच कमी पिते. त्याचा त्वचेशी संबंध असतो का?

असतो, पण वाडग्यातल्या पाण्यापेक्षा जेवणातल्या पाण्याचा हिशेब महत्त्वाचा. मांजरीला दिवसाला दर किलो वजनामागे अन्न धरून साधारण ५० मिली पाणी लागतं, म्हणजे ४ किलोच्या मांजरीला २०० मिली. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम १० टक्के असतं: ६० ग्रॅम दाण्यांतून ६ मिली. ओल्या अन्नात ते ७५ ते ८० टक्के असतं: ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून सुमारे ६५ मिली. रोज दोन पाऊच दिले की गरजेचं अर्ध्याहून जास्त पाणी जेवणातूनच जातं. पाण्याचं भांडं रुंद ठेवा, आणि जेवणापासून व लिटर बॉक्सपासून लांब.

उलट ती अचानक खूप पाणी पिऊ लागली असेल आणि त्वचाही कोरडी असेल, तर मूत्रपिंडं, मधुमेह आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्या.

८. जेवणात काय कमी पडलं की कातडी कोरडी होते?

प्राणिज प्रथिनं आणि प्राणिज चरबी. केस आणि कातडी बनवण्यात रोजच्या प्रथिनांचा मोठा वाटा खर्च होतो. शिवाय ॲराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल मांजरीला स्वतःच्या शरीरात पुरेसं बनवता येत नाही. ते मांस, मासे, अंडी यांतूनच मिळतं. त्यामुळे शाकाहारी जेवणावर ठेवलेल्या, नुसत्या बिनचरबीच्या मांसावर वाढवलेल्या किंवा कुत्र्याचं अन्न खाणाऱ्या मांजरीच्या केसांची चमक जाते. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं, मांजरींसाठीच बनवलेलं अन्न निवडा. नवं अन्न ७ ते १० दिवसांत हळूहळू मिसळत वाढवा. उघडलेलं पोतं महिन्याभरात संपवा, कारण हवा लागून त्यातली मेदाम्लं खवट होतात.

९. फिश ऑइल किती द्यायचं आणि फरक कधी दिसतो?

४ किलोच्या मांजरीला ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं) मिळून दिवसाला १५० ते २०० मिलिग्रॅम पुरतात. बाटलीवरचा मोठा आकडा पाहून फसू नका. ‘१००० मिलिग्रॅम’ ही एकूण तेलाची मात्रा असते. माणसांच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात, म्हणजे अर्धी कॅप्सूल पुरे. पाव मात्रेने सुरुवात करा, ती ओल्या अन्नात मिसळा आणि दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. जुलाब झाले तर मागे जा. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात.

कॉड लिव्हर ऑइल वापरू नका, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व साठून विषबाधा होऊ शकते. जवसाच्या तेलाचा मांजरीला फारसा उपयोग नाही, कारण त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीएमध्ये रूपांतर तिचं शरीर नीट करत नाही. खवट वास आलेली कॅप्सूल फेकून द्या. मात्रा मनाने वाढवू नका: जास्त माशाचं तेल आणि कमी ई जीवनसत्त्व, यातून अंगातल्या चरबीला वेदनादायक सूज येते. स्वादुपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर आधी विचारून घ्या.

१०. आंघोळ घालावी की नाही? आणि ओटमीलची आंघोळ नेमकी कशी?

निरोगी मांजरीला आंघोळीची गरज नसते, आणि वारंवार आंघोळीने कातडीवरचं नैसर्गिक तेल जाऊन कोरडेपणा वाढतो. ४ ते ६ आठवड्यांतून एकदा, तेही कातडी फुटलेली नसेल तरच. माणसांचा शाम्पू नको, लहान मुलांचाही नको. माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, मांजरीची जवळपास उदासीन. सौम्य म्हणवणारा शाम्पूही तिला कोरडा पडतो.

साधे, बिनसाखरेचे, बिनस्वादाचे ओट्स ४० ग्रॅम घ्या आणि मिक्सरमध्ये अगदी मैद्याइतके बारीक करा. जमलं का ते बघायला एक चमचा पूड ग्लासभर कोमट पाण्यात घाला. पाणी दुधाळ झालं आणि पूड लगेच तळाशी बसली नाही, तर ठीक. भरड राहिली तर ती केसांत अडकते आणि वाळून खाज वाढवते.

आधी पूर्ण अंग विंचरा, गुंता भिजला की आणखी आवळतो. टबात खाली रबरी चटई किंवा टॉवेल घाला, कारण पाय घसरला की ती घाबरते आणि नखं काढते. ५ ते ६ लिटर पाणी, ३७-३८ अंश सेल्सियस, तिच्या पोटापर्यंत. पूड त्यात ढवळा. मगाने मानेपासून मागे ओता, चेहरा आणि कान कोरडे ठेवा, आणि ५ ते १० मिनिटं हलक्या बोटांनी चोळा. मग दुसऱ्या कोमट पाण्याने हात सरकवला की केस निसटते लागेपर्यंत धुवा. टॉवेल दाबून पाणी टिपा, घासू नका. हेअर ड्रायरची गरम हवा नको. पूर्ण सुकेपर्यंत उबदार खोलीत ठेवा.

मानेवर टाकायच्या स्पॉट-ऑन औषधाच्या आधी ४८ तास आणि नंतर ४८ तास आंघोळ घालू नका. ते औषध कातडीवरच्या तेलातून पसरतं आणि आंघोळीने त्याचा उपयोग जातो.

११. ती पाण्यात पाऊलही टाकू देत नाही. दुसरा मार्ग?

जबरदस्ती करू नका. प्रश्न १० मधलंच ओट्सचं पाणी थोडं बनवा, त्यात सुती कापड बुडवून पिळा आणि खाजऱ्या जागेवर ५ मिनिटं दाबून ठेवा. दिवसातून दोनतीनदा. नंतर साध्या ओल्या कापडाने पुसा आणि कोरडं करा. कोरडेपणापेक्षा खाज आणि आग जास्त असेल तर नुसत्या गार पाण्याचं कापडही आराम देतं. बर्फ थेट लावू नका. मांजरींसाठीच बनवलेला, ओट्स किंवा सेरामाइड (कातडीतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध पदार्थ) असलेला, न धुता वापरायचा फेस मिळत असेल तर तो घाबरट मांजरींना आंघोळीपेक्षा बरा पडतो.

१२. खोबरेल तेल लावू का?

विषारी नाही, पण आमचा सल्ला ‘नको’ असाच आहे. लावल्या लावल्या ती चाटते, पोट बिघडतं, केस चिकट होऊन आणखी चाटते, आणि खाजेचं कारण तेलाखाली झाकलं जातं. पंजाची गादी किंवा नाकाचा कोरडा कडा यांना बोटाच्या टोकावर मावेल इतकं तेल चालेल. ऑलिव्ह तेलालाही हेच लागू.

१३. टी ट्री ऑइल, कडुनिंबाचं तेल, कोरफड, व्हिनेगर, लसूण? हे तर नैसर्गिक आहेत.

मांजरीच्या यकृतात काही रसायनं निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते, म्हणून माणसाला आणि कुत्र्याला चालणारी कित्येक द्रव्यं तिच्यात साठत जातात. टी ट्री, निलगिरी, पेपरमिंट, लवंग, दालचिनी आणि लिंबूवर्गीय तेलं कुठल्याही प्रमाणात नकोत, अंगालाही नकोत आणि हवेतही नकोत. पातळ न केलेलं टी ट्री तेल थोडं लागलं तरी लडखडणं, थरथर आणि बेशुद्धी येऊ शकते. कडुनिंबाच्या तेलानेही मांजरींना विषबाधा होते. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक उलट्या-जुलाब करतो. व्हिनेगर खाजवलेल्या जागेवर आग करतं. लसूण खायला दिल्याने पिसवा जात नाहीत, तांबड्या रक्तपेशी मात्र फुटतात.

चुकून लागलंच तर चाटू देऊ नका, भांडी घासायच्या सौम्य साबणाने ती जागा लगेच धुवा आणि बाटलीसकट पशुवैद्याकडे जा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका.

१४. घरातलं खाजेचं मलम किंवा ॲलर्जीची गोळी चालेल का?

नाही. कॅलामाइनमधलं झिंक, सॅलिसिलेट असलेली मलमं, बधिर करणारी बेंझोकेन क्रीम, सोरायसिसची ड जीवनसत्त्वाची मलमं, केस वाढवायचं मिनॉक्सिडिल आणि दुखण्याची जेल हे सगळं चाटून पोटात जातं. मिनॉक्सिडिलने मांजरी दगावल्या आहेत, तेही माणसाच्या डोक्याला लावलेलं उशीवरून अंगाला लागल्यामुळे. म्हणून स्वतःला लावलेलं औषध सुकल्याशिवाय तिला मांडीवर घेऊ नका. फिनाइल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकंही नकोत.

सर्दी-ॲलर्जीच्या गोळीत पॅरासिटामॉल मिसळलेलं असेल तर एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

१५. कुत्र्याचं पिसवांचं औषध अर्धं करून लावलं तर?

अजिबात नाही. कुत्र्यांच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजरीला ते थोडंसुद्धा झटके आणू शकतं. इथे अर्ध्या-पाव मात्रेचा हिशेब चालत नाही. घरातल्या कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. मांजरीचं औषध तिच्या आजच्या वजनावर घ्या: तिला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

१६. गोल टक्कल पडलंय आणि त्यावर राखाडी कोंडा आहे. कोरडेपणा का?

नायटा समजून चाला, जोपर्यंत तपासणीत नाही म्हणत नाहीत. ही बुरशी आहे, तिला खाज असेलच असं नाही, आणि ती मुलांना, वृद्धांना पटकन लागते. हात लावल्यावर साबणाने धुवा, तिला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवा, केस रोज उचला. घरात पडलेले बीजाणू वर्षभराहून जास्त जगतात. ओट्सची आंघोळ आणि तेल इथे निरुपयोगी आहेत.

१७. खाज फक्त डोक्याला आणि मानेला आहे. रक्त येईपर्यंत खाजवते.

आधी कानात बघा. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ असेल तर कानातले किडे असू शकतात. कान स्वच्छ असतील आणि पिसवांचे उपचार पूर्ण झाले असतील, तर अन्नाची ॲलर्जी शोधायची वेळ आली. त्यासाठी रक्ततपासणी भरवशाची नाही. तिने आधी कधी न खाल्लेल्या एकाच प्राण्याचं प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड आहार (ज्यात प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात) सलग ८ आठवडे द्यावा लागतो. त्या काळात खाऊ नाही, दूध नाही, मांसाच्या चवीची गोळी नाही, शेजाऱ्यांकडचा घासही नाही. फरक पडला तर जुनं अन्न पुन्हा देऊन खाज परत येते का ते बघायचं, तेव्हाच निदान पक्कं होतं.

१८. जखम झालीय आणि पशुवैद्य उद्याच भेटणार. तोवर काय?

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा, त्यात कापसाऐवजी गॉज भिजवून जखम टिपा आणि कोरडी करा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. गळ्यात कॉलर घाला. कॉलरची कड नाकाच्या टोकापुढे बोटभर असली पाहिजे, नाहीतर जीभ पोहोचते. ती काढून जेवू घाला आणि लगेच पुन्हा घाला. मागच्या पायांच्या नखांची फक्त पारदर्शक टोकं कापा. खाजवून होणारी इजा त्यांच्यामुळेच होते.

१९. पिल्लू, म्हातारी मांजर आणि बिनकेसांची मांजर यांना हेच सगळं लागू का?

नाही. ८ आठवड्यांखालच्या पिल्लाला आंघोळ नको, ते पटकन गार पडतं. पिसवा असतील तर फणीनेच काढा. लहान पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषलेलं असू शकतं, तेव्हा त्याच दिवशी दाखवा. दहा वर्षांवरच्या मांजरीत कोंडा नव्याने सुरू झाला, तर घरगुती उपायांआधी रक्ततपासणी करा. भूक वाढून वजन घटत असेल तर थायरॉइडची खासकरून.

बिनकेसांच्या मांजरीचं गणित उलटं आहे. तेल शोषायला केस नसल्याने ते कातडीवर साचतं, म्हणून तिला साधारण आठवड्याला आंघोळ लागते. पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकावरची न भरणारी खपली कोरडेपणा समजू नका. उन्हामुळे तिथे कर्करोग होतो आणि लवकर पकडला तर तो काढता येतो.

२०. हनुवटीवर काळे ठिपके आहेत. ही घाण आहे का?

बहुधा मुरमं. प्लॅस्टिकची भांडी काढून स्टील, काच किंवा चिनी मातीची ठेवा, रोज धुवा. हनुवटीला दिवसातून एकदा कोमट ओलं कापड लावा, ठिपके पिळू नका. सूज किंवा पू आला तर दाखवा.

२१. घरगुती उपाय किती दिवस करून बघायचे?

कातडी अखंड असेल, ती खात-खेळत असेल, तर दोन आठवडे. त्यात फरक नसेल तर थांबा (फिश ऑइलला जास्त वेळ लागतो, प्रश्न ९). चेहरा सुजणं, श्वास लागणं, थरथर किंवा झटके असतील तर लगेच निघा. २४ तास काहीच न खाणं, पू, दुर्गंध किंवा खाजेने झोप उडणं असेल तर त्याच दिवशी.

जाताना चिकटपट्टीवरचा कोंडा, अन्नाच्या पाकिटाचा फोटो, शेवटचं पिसवांचं औषध दिल्याची तारीख आणि ती खाजवत असतानाचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात ती खाजवणार नाही. आदल्या तीन दिवसांत आंघोळ घालू नका आणि काही लावूही नका, नाहीतर कातडीच्या नमुन्यात काही सापडत नाही.